शेक संपल्यावर सुरू होणारं काम

रेवती

फिजिओथेरपी विभागात मी तंत्रज्ञ आहे. तपासणी करणं, दुखण्याचं मूळ शोधणं आणि उपचाराचा आराखडा ठरवणं हे फिजिओथेरपिस्टचं काम. तो आराखडा रोजच्या रोज रुग्णाकडून पार पाडून घेणं आमचं. यंत्र लावायचं, शेक द्यायचा, व्यायाम करून घ्यायचे, उभं करायचं, चालवायचं, मोजमाप लिहून ठेवायचं, आणि कालच्यापेक्षा काही वेगळं दिसलं की लगेच थेरपिस्टला सांगायचं. उपचाराच्या वेळातला बराचसा वेळ रुग्ण आमच्याजवळ असतो, तरी या कामाविषयी फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

येणारे बरेच जण म्हणतात, "शेक घ्यायला आलोय." शेक झाला की निघायची तयारी. त्यांना तिथेच थांबवणं हे माझ्या मते आमचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. शेकाने किंवा यंत्राने दुखणं थोडा वेळ उतरतं. त्या वेळात सांधा हलला तर उपचार झाला. नाही हलला तर तेवढ्यापुरता आराम मिळाला, बाकी काही नाही.

दुखतं म्हणून माणूस तो भाग हलवत नाही. हलवत नाही म्हणून सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, स्नायू बारीक होतो. मग पूर्वी ज्या हालचालीला काहीच होत नव्हतं तिलाही कळ येते, आणि माणूस आणखी जपायला लागतो. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. यंत्र ते तोडायला जागा करून देतं, तोडते ती हालचालच.

यंत्राने दुखणं उतरतं कसं, हेही सांगते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असं मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना एक फाटक लागतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश नेणाऱ्या जाड तंतूंना चालना मिळाली की ते फाटक काही अंशी मिटतं. त्या मांडणीतले बरेच तपशील पुढे बदलले, गाभा मात्र टिकला. ठेच लागली की आपण ती जागा आपोआप चोळतो, त्याचं कारण यात सापडतं. त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या टेन्स यंत्राच्या पट्ट्या लावून सेकंदाला साधारण ८० ते १२० स्पंदनं दिली की मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि त्या मुंग्यांखाली दुखणं मागे पडतं. शरीराला त्या मुंग्यांची लवकर सवय होते, म्हणून मधूनमधून प्रवाह किंचित वाढवावा लागतो. यंत्र लावून दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेलं तर निम्मा परिणाम तिथेच हातचा गेला.

आता गुडघ्याचं उदाहरण घेते, कारण सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर येणारे रुग्ण खूप असतात. पहिल्या दिवसांत ते हमखास म्हणतात, "पाय माझं ऐकतच नाही." त्यात मनाचा कमकुवतपणा काही नसतो. सांध्यात सूज असली की सांध्याकडूनच मज्जारज्जूला असे संदेश जातात की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, पूर्ण आकसण्याची आज्ञाच मिळत नाही. रुग्ण जोर लावतो आणि स्नायू गप्प. अशा वेळी "जोर लावा, अजून लावा" असं ओरडून उपयोग नसतो. आधी सूज कमी करायची : पाय उंच, बर्फ, घोट्याची वरखाली हालचाल. मग गुडघा सरळ ठेवून मांडी घट्ट करायला सांगायचं. मी माझी बोटं वाटीच्या वर, आतल्या बाजूला ठेवते. तिथे स्नायू जरासा जरी जागा झाला तरी बोटांना कळतं, आणि रुग्णाचा हात तिथे नेला की त्यालाही कळतं. पुष्कळदा पाय पहिल्यांदा "ऐकतो" तो इथे.

कोनमापकाने, म्हणजे गोनिओमीटरने, रोज कोन मोजतो. एक भुजा मांडीच्या बाहेरच्या बाजूने, हाडाच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, आणि मध्य गुडघ्याच्या बाजूला. दरवेळी त्याच स्थितीत मोजायचं, आडवं तर आडवं, बसून तर बसून, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकावा लागतो, जिने चढायला-उतरायला ८० ते १००, खुर्चीतून नीट उठायला ९० च्या पुढे. लोक वाकण्याच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. मला जास्त काळजी असते गुडघा पूर्ण सरळ होण्याची. पाच-दहा अंश जरी बाक राहिला तरी चाल लंगडी होते आणि मांडी सतत ताणलेली राहून थकते. म्हणून घरच्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते : गुडघ्याखाली उशी ठेवू नका. तिने बरं वाटतं हे खरं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा आणि गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या.

विचारायचं असेल ते विचारा. जमेल तसं सविस्तर लिहीन.

कौमुदी

रेवतीताई, फार उपयोगी लिहिलंयत. माझ्या आईची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. व्यायाम करताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मग माझाच धीर सुटतो. किती दुखलं तर चालेल आणि कुठे थांबायचं? उशी मात्र आजच काढली.

रेवती

कौमुदी, हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. आम्ही ० ते १० मध्ये विचारतो. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तितकी जास्त वेदना. व्यायाम करताना ४-५ पर्यंत गेलं आणि थांबल्यावर उतरलं, तर सहसा चालतं. खरं उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. कालच्यापेक्षा सूज वाढली, गुडघा जास्त गरम लागला, किंवा रात्रभर ठणका राहिला, तर आदल्या दिवसाचा व्यायाम जास्त झाला असं समजायचं. मग व्यायाम बंद करायचे नाहीत, कमी करायचे. एका बैठकीत भरपूर करून दमण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं केलेलं बरं.

वेदनेची गोळी दिलेली असेल तर ती व्यायामाच्या आधी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा. पुष्कळ घरांत व्यायाम होऊन दुखल्यावर गोळी देतात आणि तिचा उपयोग व्हायचा तो वेळ निघून जातो.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. पोटरी एका बाजूला सुजली, दाबल्यावर दुखते, गरम लागते असं दिसलं तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी झालेली असू शकते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक क्षणही वाट पाहू नका.

आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. मोजणं तिच्या हातात द्या. "आता तुम्ही दहापर्यंत मोजा आणि मग सोडा" असं म्हटलं की वेदनेची शेवटची वेळ रुग्णाला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेली वेदना माणूस जास्त सोसतो. हे मी रोज पाहते.

शंतनू

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लेख आवडला, पण यंत्रांविषयी थोडं स्पष्ट बोलायला हवं असं वाटतं. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), टेन्स, इंटरफरन्शियल (वीजप्रवाहाचाच आणखी एक प्रकार) आणि ट्रॅक्शन (कण्याला ताण देणं) देऊ नये असंच सांगितलंय, व्यायाम मात्र सुचवलाय. गुडघा बदलल्यावर पाय आपोआप वाकवणारं सीपीएम यंत्र लावतात, त्याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात गुडघा वाकण्यात सरासरी २ अंशांचाच फायदा दिसला. २ अंशांनी कुणाचं काही अडत नाही. असं असताना रुग्णाला तीन-तीन यंत्रांखाली झोपवून ठेवणं मला पटत नाही. यंत्रावर गेलेला वेळ व्यायामातून वजा होतो.

रेवती

शंतनूसर, मुद्दा मान्य आहे आणि तो इथे आला हे बरंच झालं. कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड लिहून आलं तर मी ते लावते, पण रुग्णाला "याने बरं होईल" असं सांगत नाही. सीपीएमबद्दलही तेच. ते यंत्र पाय वाकवतं, रुग्ण नाही. स्नायू त्यात झोपलेलाच राहतो.

पण एका ठिकाणी मी वेगळं बघते. काही माणसं इतकी घाबरलेली असतात की हात लावू देत नाहीत. त्यांच्यासाठी गरम पॅकची ती १५ मिनिटं नुसती उष्णतेची नसतात. त्यांचा खांदा सैल पडतो, श्वास खाली येतो, बोलणं सुरू होतं. त्या बोलण्यातूनच कळतं की बाई पडल्या तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि आता त्यांना उभं राहायचीच भीती वाटते. ती भीती कळल्याशिवाय त्यांना समांतर कठड्यांमध्ये उभं करून काही साधत नाही. ही १५ मिनिटं फुकट गेली असं मी म्हणणार नाही, फक्त त्यांच्यानंतर लगेच काम सुरू व्हायला हवं.

शंतनू

हे पटलं. म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत. आराखडा लिहिताना मीही "शेक, मग लगेच व्यायाम" असा क्रम स्पष्ट लिहीन, नुसतं "शेक" नाही.

निशिगंध

मला मधुमेह आहे आणि आता खांदा जखडलाय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हात मागे जात नाही. एकाने सांगितलं जोर लावून फिरवून घे, मोकळा होईल. करू का?

रेवती

नका करू. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण सुजतं आणि मग जाड होऊन आकसतं. मधुमेह असलेल्यांत हे जास्त आढळतं आणि बरं व्हायलाही वेळ जास्त लागतो, म्हणून रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं हा तुमच्या खांद्याच्या उपचाराचाच भाग समजा. दुखण्याचा जोर, मग ताठरपणा, मग हळूहळू मोकळं होणं असे साधारण तीन टप्पे असतात आणि सगळं मिळून वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतात. रात्री झोपमोड होते आहे म्हणजे तुम्ही बहुधा पहिल्या टप्प्यात आहात. या टप्प्यात ओढाताण केली की दाह भडकतो.

आत्ता आमच्याकडे असा रुग्ण आला की आम्ही पेंड्युलम करून घेतो. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या, आणि अंग हलवून हाताला झोका द्या. खांद्याच्या स्नायूंनी हात फिरवायचा नाही, ही खूण धरा. थोड्या दिवसांनी काठी दोन्ही हातांत धरून, कोपर बरगडीला चिकटवून, चांगल्या हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा. ही बाहेर वळण्याची हालचाल सगळ्यात जास्त अडते. करताना आरसा समोर ठेवा. हात वर जातोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात खांदा कानाकडे चढलेला असतो, किंवा कंबर मागे झुकलेली असते. आमचं अर्धं काम हेच असतं, ती चोरटी हालचाल पकडणं. एक हात खांद्याच्या पात्यावर ठेवला की लगेच कळतं.

मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर घरी गरम पिशवी लावताना फार सांभाळा. भाजलेलं कळत नाही. आधी थेरपिस्टकडून जाणीव तपासून घ्या.

ऋतुजा

मी याच अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. जाणीव कशी तपासतात, आणि यंत्र लावण्यापूर्वी नेमकं काय काय विचारायचं, हे सांगाल का? पुस्तकात मोठी यादी आहे, पण प्रत्यक्षात तुम्ही काय बघता?

रेवती

ऋतुजा, जाणीव तपासायला दोन परीक्षानळ्या, एकीत गरम पाणी आणि एकीत गार. रुग्णाचे डोळे मिटलेले. क्रम बदलत लावायच्या आणि "गरम की गार" विचारायचं. सांगता आलं नाही, तर त्या भागावर उष्णता नाही, बर्फही नाही. "थोडंसंच लावू" असं नाही. थेरपिस्टला सांगायचं आणि थांबायचं.

विचारायचं म्हणजे पेसमेकर, गरोदरपण, कर्करोग, शरीरात बसवलेलं धातूचं काही, अलीकडचा रक्तस्राव, ताप. पण नुसतं विचारून भागत नाही. "शरीरात काही बसवलंय का?" म्हटलं की नाही म्हणतात, आणि पाय उघडा केला की जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण समोर दिसतो. म्हणून बघायचं, हात लावून बघायचं. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे रेडिओलहरींनी खोलवर शेक देणारं यंत्र, २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते आणि धातू त्यात तापतो. घड्याळ, दागिने, श्रवणयंत्र, लोखंडी खाट, सगळं दूर. त्वचेवरचा घामही पुसायचा, कारण त्या थेंबाखाली चटका बसतो. पेसमेकर असलेला माणूस उपचार घेणारा नसला तरी त्या यंत्राजवळ थांबवायचा नाही.

गरम पॅक साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून येतो, म्हणून टॉवेलचे सहा ते आठ थर लागतात. पाच मिनिटांनी उचलून त्वचा बघायचीच. एकसारखी गुलाबी असेल तर ठीक, लाल-पांढरे चट्टे दिसले तर काढून टाकायचा. मेणाचा शेक ५० अंशांच्या थोडा वर असतो. तेवढंच गरम पाणी हाताला सोसणार नाही, पण मेण उष्णता हळू देतं म्हणून सोसतं. आखडलेल्या बोटांना तो फार चांगला, आणि मेण सोलून काढलं की लगेच, हात अजून गरम असताना, मूठ वळायला लावायची. अल्ट्रासाउंडमध्ये जेल भरपूर, कारण हवेतून त्या लहरी जात नाहीत, आणि यंत्राचं डोकं एका जागी थांबवायचं नाही.

आणि घंटी रुग्णाच्या हातात द्यायला कधीही विसरू नकोस. "चटका बसला तर सांगा" एवढ्याने होत नाही. वयस्कर माणसं "मुलीला कशाला त्रास" म्हणून सोसत राहतात. त्यांना सांगायचं की कोमट वाटलं पाहिजे, गरम नाही, आणि जास्त गरम म्हणजे जास्त गुण असं अजिबात नसतं.

आडवाटे

वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आहे. घरी आणलंय. त्यांना उठवताना आम्ही काखेत हात घालून उचलतो. आता खांदा दुखतोय म्हणतात. फिजिओ येतात, पण बाकीचा सगळा वेळ आम्हीच असतो. काय करावं?

रेवती

आधी ते काखेतून उचलणं बंद करा, आणि तो हात धरून ओढणंही. खांद्याचा सांधा उथळ असतो आणि त्याला मुख्य आधार स्नायूंचा. पक्षाघातात स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो. त्यात ओढलं की आतले मऊ भाग चिरडतात आणि जे दुखणं सुरू होतं ते पुढे हाताच्या सगळ्या व्यायामांना अडवतं. बसलेले असताना तो हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला असू द्या, लोंबता ठेवू नका. कप्पीला दोरी लावून हात वर ओढायचा व्यायाम कुणी सुचवला तर थेरपिस्टना विचारल्याशिवाय करू नका. पक्षाघाताच्या खांद्याला तो त्रासाचा ठरतो. हात वर नेताना पातं सोबत फिरलं पाहिजे आणि तळवा बाहेर वळलेला पाहिजे. थेरपिस्ट येतील तेव्हा तुमचा हात पात्यावर ठेवून ही हालचाल शिकून घ्या.

उठवण्याची रीत अशी. खाटेच्या कडेला पुढे सरकवून बसवा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या जरा मागे. तुम्ही समोर उभे राहून त्यांच्या उजव्या गुडघ्यापुढे आपला गुडघा टेकवा म्हणजे तो दुमडणार नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. मग त्यांना पुढे वाकू द्या, नाक पावलांच्या पुढे जाईपर्यंत. हे पुढे वाकणं बहुतेक घरांत राहून जातं. माणूस ताठ बसलेला असताना त्याला सरळ वर उचलायला बघतात आणि दोघेही धडपडतात. वजन पुढे आलं की बसकण आपोआप सुटते.

बरेच दिवस आडवे असतील तर एकदम उभं करू नका. बसवल्यावर थोडं थांबा, घोटे हलवायला लावा, चक्कर येते का विचारा. विभागात यासाठी टिल्ट टेबल असतं. पट्टे बांधून टप्प्याटप्प्याने उभं करत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर नाडी आणि रक्तदाब बघतो.

मेंदूचा वाचलेला भाग गेलेल्या भागाचं काम काही प्रमाणात शिकू शकतो, पण ते शिकणं वापरातून होतं, आणि खूप वेळा करण्यातून. म्हणून पेला उचलून ठेवणं, दरवाजाची कडी, शर्टाचं बटण अशी खरी कामं द्या. तुम्ही प्रेमाने त्यांचं सगळं करून देता हे कळतं, पण उजवा हात जेवढं करू शकतो तेवढं त्यालाच करू द्या, वेळ लागला तरी. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर वेग कमी होतो, थांबते असं मात्र नाही. वर्ष उलटून गेल्यावर स्वतःच्या हाताने दार उघडून आलेले रुग्ण मी पाहिलेत.

आडवाटे

खूप आभार. उचलणं आजपासून बंद. पट्टा आणतो. एकच शेवटचं : ते उभे राहू लागले की काठी कोणत्या हातात द्यायची? आणि घराला पायऱ्या आहेत.

रेवती

त्यांच्या बाबतीत डाव्या, म्हणजे चांगल्या हातात. ज्यांचा फक्त गुडघा किंवा खुबा दुखतो त्यांनीही काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातातच धरायची, म्हणजे त्या पायावर उभं राहताना खुब्यावरचा भार बराच हलका होतो. उंचीसाठी, चपला घालून सरळ उभं करा आणि हात सैल सोडायला सांगा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी.

पायऱ्या मात्र थेरपिस्ट हो म्हणेपर्यंत नको. परवानगी मिळाली की चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि अधू पाय आधी. चांगल्या हाताच्या बाजूला कठडा असेल तर काठीऐवजी तो हात कठड्यावर. आणि तुम्ही दोन्ही वेळा त्यांच्या खालच्या पायरीवर, अधू बाजूला : चढताना मागे, उतरताना पुढे, पट्टा हातात.